माझ्यासमोर नको

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हॉस्पिटलात होतो, म्हणून उत्तराला उशीर. हो, पुन्हा. दोन वर्षांतली ही सहावी खेप. सगळं नेहमीचंच. आतडं अडलं, पोट फुगलं, कळा, हिरव्या उलट्या, मग नाकातून नळी आणि चार दिवस पाणीसुद्धा बंद. पाचव्या दिवशी आपलं आपण मोकळं झालं. नळी घालणारी नर्स आता ओळखीची झाली आहे. ती गिळा म्हणायच्या आत मी गिळतो. या खेपेला तिने मला शाबासकी दिली.

सर्जननी या वेळी समोर बसवून सांगितलं. वीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनमुळे आतडी आतल्या आत एकमेकांना चिकटली आहेत. दर वेळी ती अशीच सुटतील याचा भरवसा नाही. एखाद्या वेळी पीळ बसला तर तेवढा तुकडा मरतो आणि घाईघाईत पोट उघडावं लागतं. त्यापेक्षा अंगात ताकद आहे तोवर सोडवून घ्या, म्हणाले. पण उघडल्यावर नव्याने चिकटणारच नाही असंही नाही, आणि काही महिने पोटावर पिशवी बाळगावी लागू शकते. महिनाअखेर कळवा म्हणाले. मी बरं म्हणालो आणि बाइंडिंगच्या दुकानात जाऊन वाचनालयाच्या चाळीस पुस्तकांचे पुठ्ठे बदलले.

खरं सांगायचं तर नको वाटतंय. घाबरलोय म्हणून नाही. काही वाटतच नाही. गाळलेलं सूप, साल-बिया काढून शिजवलेलं काहीबाही, एवढ्यावर माझं भागतं. बायकोचीही तक्रार नाही. माझ्यासमोर नको म्हणून ती आपलं आपलं जेवून घेते. घरात सगळं शांत आहे. तुझी हयात वॉर्डात गेली, तूच सांग. चाललंय तसं चालू द्यावं ना?

लोभ ठेव, आणि ओरडायचं असेल तर पोस्टानेच ओरड.

तुझा
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. खादाडरावांस,
अनेक आशीर्वाद.

हे नाव आता तुला शोभत नाही, पण एका बैठकीत डझनभर केळी संपवून वर आईला अजून आहेत का विचारणारा भाऊ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याला मी काय करू?

तू पत्र लिहिलंस ते माझ्याकडून चालू दे एवढं वदवून घ्यायला. ते मी लिहिणार नाही. ऑपरेशन कर असंही लिहिणार नाही. बत्तीस वर्षांत मी अशा ऑपरेशननंतर चालत घरी गेलेले पाहिले, सहा महिन्यांत तेच दुखणं घेऊन परत आलेले पाहिले, आणि एक जण टेबलावरून उठलाच नाही. थांबून राहिलेलेही पाहिले. त्यांना आणलं तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसायचं. दुसऱ्या कुणाच्या भावाला मी धडाधड सल्ला दिला असता. तुझं नाव काढलं की माझी नर्सगिरी संपते आणि नुसती भीती वाटते.

पण तुझं एक वाक्य मी दोनदा वाचलं. बायकोची तक्रार नाही म्हणे. वहिनीचं मला पत्र आलं होतं. वन्सं, यांना सांगू नका, असं तिने शेवटी लिहिलं, म्हणून सांगत नाही. तू एवढंच कर. एखाद्या दिवशी दुपारी, न कळवता घरी जा. चिडून जाऊ नकोस, आणि जे दिसेल त्यावर लगेच व्याख्यान झोडू नकोस.

काय ठरतंय ते कळव. गुडघे कुरकुरतात, पण बॅग मी भरून ठेवली आहे.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

तुझी
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. मंगळवारी खळ लावलेली पुस्तकं दाबाखाली ठेवली आणि एक वाजता दुकान बंद केलं. घरी कुणी नव्हतं. वर पाहिलं, तर गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात ही बसली होती. मांडीवर डबा, पायाशी पाण्याची बाटली, बुडाखाली जुनी उशी. उशी मधोमध पार बसली होती, त्यावरून कळलं की हे आजचं नाही.

तोंडातला घास तिने तसाच धरला. आधी डबा झाकला, मग म्हणाली, घरात वास राहतो ना. कधीपासून, विचारलं. दुसऱ्या खेपेपासून. म्हणजे दीड वर्ष झालं, ताई. पाऊस आला की तिथे गळतं, तेव्हा ती दाराबाहेर उभ्याने खाते. खालचे शिंपीकाका तिला पाहिलं की खाली मान घालून निघून जातात. हे सगळं तिने उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं सांगितलं. आणि मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

मी तिला घरात आणलं, टेबलापाशी बसवलं आणि माझ्यासमोर खा म्हणालो. डबा उघडायला ती तयार होईना. शेवटी पिशवीतून एक सफरचंद काढलं. पहिला चावा आवाज होऊ नये म्हणून इतका जपून घेतला, की मी ओरडलोच, नीट खा म्हणून. मग ती कचकन चावली. रस हनुवटीवर ओघळला. ती खात होती आणि रडत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

आणि मला भूक लागली. सुपाची वेळ झाली म्हणून लागते तशी नव्हे. तोंडाला पाणी सुटलं, तिच्या हातातून सालासकट हिसकावून घ्यावंसं वाटलं. दोन वर्षांत मला काही हवंसं वाटलंच नव्हतं, घर शांत होतं ते त्यामुळे. त्या भुकेच्या पाठोपाठ भीती आली, अशी की टेबलाची कड धरून बसलो. पोटावरच्या पिशवीची, नळीची, ऑपरेशनच्या टेबलावरून न उठलेल्या तुझ्या त्या माणसाची. मला मरायचं नाही, ताई.

सर्जनना हो कळवलं आहे. ११ मार्च, सकाळी आठ. तू दहा तारखेलाच ये. मी आत असेन तेव्हा हिला घेऊन कॅन्टीनमध्ये बस. ती खात नाही म्हणेल. तू ऐकू नकोस. भरल्या ताटावर बसव आणि संपेपर्यंत समोरून उठू नकोस.

आजवर जेवढी माया केलीस, त्याहून थोडी जास्त लागेल.

तुझा
धाकटा