रुपयाच्या फोनवरचं अर्धं वाक्य

गुरुजी, तुम्ही होतात तेव्हा भिवंडीत टेलिफोन मोजक्या घरांत होता, आणि तो वाजला की कुणी गेल्याची नाहीतर कुणाला मुलगा झाल्याची बातमी असायची. त्यामुळे मी सध्या काय करतो हे तुम्हाला सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. वाचनालयाच्या माडीवर एक खोली आहे. दोन टेबलं, एक फोन, कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि आत निवांत बोलायला एक छोटी खोली. ज्याला जीव नकोसा झालाय, जिला घरात मार बसतोय, कारखाना बंद पडल्यापासून जो भिंतीकडे तोंड करून बसलाय, त्याने त्या नंबरावर फोन करावा आणि पलीकडे कुणीतरी ऐकून घ्यावं, अशी ती सोय. हेल्पलाइन म्हणतात तिला. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई ती चालवतात. सगळे त्यांना ताई म्हणतात. मीही म्हणतो, माझ्याहून पुष्कळ लहान असल्या तरी. पोस्टातून मोकळा झाल्यावर घरात बसून बसून मी सुनेच्या पायात पायात येत होतो, म्हणून गेलो तिथे. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते पाच. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, “काका, इथे बोलायचं कमी. उपदेश नाही, सल्ला नाही, आणि तुमच्या त्या कविता तर मुळीच नाहीत.” मी हसलो. ऐकण्यात काय आहे, मला वाटलं, कान तर दोन्ही शाबूत आहेत.

तुम्हाला रुपयाचा फोनही ठाऊक नसेल. पानाच्या टपरीवर लाल डबा ठेवलेला असतो, त्यात रुपयाचं नाणं टाकायचं आणि बोलायचं. वेळ संपत आली की आतून टूं टूं वाजायला लागतं. दुसरं नाणं टाकलं नाही तर फोन तुटतो. आमच्याकडे येणारे निम्मे फोन असलेच. त्या मंगळवारी एका बाईचा आला. मागे वळ गावाला जाणारा रिक्षावाला ओरडत होता, “वळ, वळ, वळ! दो सीट, दो सीट!” ती म्हणाली, “दवाखान्यात कागद लावलाय, त्यो नंबर ह्योच का?” मी म्हटलं, “हो बाई, बोला.” पुन्हा रिक्षावाला. मग म्हणाली, “मी गोडाऊनला हाय, पॅकिंगला. माजा माणूस लूमवर व्हता. लूम बंद झाला तवापासून घरीच हाय. हात उचलतो. मला आता इथं…” आणि थांबली. आत टूं टूं सुरू झालं. गुरुजी, एक रुपयाचा वेळ सरत चालला होता आणि समोर अर्धं वाक्य लोंबत होतं. मी ते पुरं केलं. “नकोसं झालंय, हो ना?” टूं टूं वाजतच होतं. मग हळूच म्हणाली, “हां. नकोसं झालंय.” आणि फोन तुटला.

लपवत नाही, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. जमलं, असं वाटलं. हे असं वाटणं मला तुमच्या वर्गात लागलं. तुम्ही कविता म्हणता म्हणता ओळ मध्येच सोडायचात, डस्टर आमच्याकडे रोखायचात, आणि कौलांतून आलेल्या उन्हात खडूची धूळ तरंगत असायची. सगळा वर्ग आठवत बसायचा. मला आठवावं लागायचं नाही. तुमचा श्वास कुठे वळतो त्यावरून पुढचा शब्द कळायचा, आणि तो मी टाकला की तुमच्या मिशीखाली जे हसू यायचं त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. एका दिवाळीआधी तुम्ही मला निळ्या पुठ्ठ्याची वही दिलीत, आवडलेल्या कविता उतरवायला. पुढे पोस्टाच्या खिडकीत बसलो तेव्हाही तेच. यूपी-बिहारचे कारीगर अंतर्देशीय पत्र घेऊन यायचे, लिहून द्या म्हणायचे. “अम्मा को लिखो कि इधर…” एवढं म्हणून ते खाली बघायचे आणि मी लिहून टाकायचो, इधर सब खैरियत है. वाचून दाखवलं की म्हणायचे, “हां बाबूजी, यही.” सगळी नोकरी मला वाटत राहिलं की मी त्यांच्या मनातलं ओळखतो. आता वाटतं, खैरियत नसेल, तर खिडकीतल्या बाबूला ते सांगणार तरी कसं?

ताईंनी त्या फोनची मी लिहिलेली नोंद वाचली आणि चष्मा काढून ठेवला. “काका, ती ‘मला आता इथं’ म्हणाली. पुढचं कुणी म्हटलं?” मी म्हटलं, “मी. पण ती हो म्हणाली.” “अहो, तुमच्या वयाचा माणूस बोलला की आपल्याकडची बाई हो म्हणते. मी तुम्हाला हो म्हणत नाही का? चहा कडू करता तरी म्हणते, छान झालाय.” हे त्या हसून म्हणाल्या, पण फोन त्यांनी आपल्या टेबलावर ओढून घेतला आणि माझ्याकडे पत्ते ठेवण्याचं काम आलं: कुठल्या आश्रयघरात जागा आहे, कुठला वकील फी मागत नाही, पोलीस चौकीत बाईमाणूस कुठल्या वारी असते. मी पत्ते लिहीत होतो आणि डोक्यात एकच. ती बाई घरी गेली असेल. मी दिलेलं वाक्य घेऊन गेली असेल. एखाद्या माणसाला, जे त्याच्या मनात अजून पुरतं आलेलं नाही, ते आपण तयार करून हातात द्यायचं म्हणजे काय, गुरुजी?

बुधवारी मला घरात बसवेना. वळच्या रिक्षा सुटतात तिथे जाऊन उभा राहिलो. लाल डबा होता, टपरीवर. गुरुवारी सकाळी, मग शुक्रवारी, शनिवारीही गेलो. येणारी जाणारी प्रत्येक बाई बघत होतो, आणि नुसत्या बघण्याने आवाज कसा ओळखू येणार हे कळत असून बघत होतो. टपरीवाला वैतागला. “चाचा, फोन करना है कि पहरा देना है?” रांगेतला एक रिक्षावाला आपल्या गावठी बोलीत म्हणाला, “आजोबा, कोनाची वाट बगताव? आजी पलून गेली का काय?” सगळे हसले, मीही हसलो. शेवटी न राहवून टपरीवाल्याला विचारलं, मंगळवारी दुपारी एक बाई इथून बोलली, गोडाऊनची, नंतर दिसली का? तो म्हणाला, “इधर दिनभर में पचास औरतें बोलती हैं, चाचा. सब गोडाऊन की.” हे मी ताईंना सांगितलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. “तिचा नवरा तिथेच पान खात उभा असता तर? तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तिला मार खायला लावणार होतात?” साठी ओलांडल्यावर मला एवढं कुणी बोललं नव्हतं.

ह्या सगळ्यात मला तुमचं स्वयंपाकघर आठवत राहिलं. अर्धांगाचा झटका आल्यानंतरचा तो श्रावण. उजेड यावा म्हणून तुम्हाला चुलीजवळच्या खिडकीखाली निजवलंय, वहिनी तांदळाची भाकरी थापतायत, आणि मी पोस्टातून सुटून तसाच खाकी पिशवीसकट येऊन तुमच्याजवळ बसलोय. तुमची जीभ जड झालेली. तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, “मला… जरा…” मी लगेच म्हणतो, “पाणी?” पाणी देतो. तुम्ही एक घोट घेता. पुन्हा, “तुला… मी…” मी म्हणतो, “कविता म्हणून दाखवू?” आणि म्हणायलाच लागतो, नदीवरची, तुम्हाला आवडायची ती, अख्खी. वहिनी भाकरी उलटता उलटता म्हणतात, “भाऊ, त्यांना सावकाशीनं बोलू द्या हो.” मी म्हणतो, “मला कळतं वहिनी ते काय म्हणतात.” तुम्ही डोळे मिटून घेता. मी समजतो, कविता ऐकतायत. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. ‘तुला मी’च्या पुढे काय होतं, गुरुजी? इतक्या वर्षांत हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

काल गुरुवार होता. ताईंकडे कुणीतरी यायचं होतं. कोण, ते त्या सांगत नाहीत, तसा नियमच आहे. तीनच्या सुमाराला लाइट गेले, गल्लीतले लूम बंद पडले आणि एकदम इतकं शांत झालं की जिन्यावरची चप्पल ऐकू आली. पस्तिशीची बाई, पदराला अजून गोडाऊनच्या खोक्यांचा भुसा लागलेला. भुवईच्या वर जुनी खपली. ताई आत दुसऱ्या एका बाईशी बोलत होत्या म्हणून मी तिला बसवलं, माठातलं पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “ते फोनवरचे आजोबा हायत का?”

आवाज तोच. मी माठावर झाकण ठेवत होतो. ते ठेवायला मला फार वेळ लागला. म्हणालो, “ते आता येत नाहीत.”

“बरं,” ती म्हणाली. “भेटले तर सांगाल का? त्या दिवशी ते बोलले ना, ते माजं नव्हतं. घरी जाऊन मी तेच बोलत बसली, नकोसं झालंय, नकोसं झालंय. दोन दिवस. भाकऱ्या करताना पन तेच. मोठी पोर म्हनली, आई काय गं पुटपुटतीस? तवा ध्यानात आलं. आवं, मला तर दुसरंच इचारायचं व्हतं.” आणि थांबली.

माझ्या तोंडात तीन वाक्यं आली, गुरुजी. तिन्ही बरोबर असतील अशी. मी टेबलाची कड धरून बसलो. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, ती पार वळणापर्यंत गेली. ती बाई ग्लास हातात फिरवत होती. मग म्हणाली, “मला आता इथं बोलता येत न्हाय, मागं लोकं उभी हायत, तर तुमच्याकडं आली तर चालंल का? येवढंच इचारायचं व्हतं. परत फोन केला तवा ताईंनी नुसतं हं हं केलं, मग इचारता आलं.”

तेवढ्यात ताईंनी दार उघडलं, आतल्या बाईंना निरोप दिला आणि तिला आत बोलावलं. दीड तासाने दोघी बाहेर आल्या. ताई तिच्याबरोबर चौकीत निघाल्या होत्या, आश्रयघराचा पत्ता माझ्याच अक्षरातला, तिच्या मुठीत. पोरींच्या शाळेचं काय करायचं यावर त्या दोघी जिना उतरता उतरता बोलत होत्या. पुढे तिचं काय होईल मला माहीत नाही, आणि ते काय असेल याचा अंदाज बांधायचा नाही असं मी कालपासून स्वतःला बजावतोय. जमत नाही.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही हे पोस्टात जन्म गेलेल्या माणसाने वेगळं सांगायला नको. ताईंनाही दाखवणार नाही. कारण आत जाताना ती दारात थांबून म्हणाली होती, “सांगाल ना त्यांना?” मी म्हणालो, “सांगतो.” आणि गुरुजी, ते म्हणताना मी मुद्दाम माझा आवाज बदलला होता.