थोरलीचं नाव

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही आता वीसेक वर्षं होत आली. तेव्हा हे पत्र लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण काल इथं सिंगापुरात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं तर तो पुण्याचा माणूस, डोळे पुसेल आणि चहा करेल. त्याचा चहा चांगला असतो, पण त्यानं तुझी थोरली पाहिलेली नाही.

माझ्या लॅबमध्ये कॅनडाची एक बाई आहे, आपल्यासारखीच, तिथली आदिवासी. त्यांची पोरं सरकारनं घरातून उचलून निवासी शाळांत नेली, आणि कितीतरी परत आलीच नाहीत. तिच्या आजीचा धाकटा भाऊ त्यातलाच. दर सप्टेंबरात ही माणसं नारिंगी कपडे घालून जमतात आणि त्या पोरांची नावं मोठ्यानं घेतात. इथं ती चार-पाच जणंच, तोआ पायोह भागातल्या तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये. मी लेकीला घेऊन गेले. ‘तुमच्यातलं कुणी असेल तर त्याचंही नाव घे,’ ती म्हणाली. आपली पोरं कुणी उचलून नेली नव्हती. आश्रमशाळेत दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून तू स्वतः ताईचा हात धरून तिला सोडून आली होतीस.

ऐन पावसाळ्यात ती तापानं गेली. नदीला पूर, वाट बंद. शाळेतल्यांनी तिथंच मूठमाती दिली आणि मग निरोप धाडला. पाणी ओसरल्यावर तू गेलीस तेव्हा मैदानामागं कमरेएवढं गवत. शिपाई म्हणाला इथं, स्वयंपाकीण म्हणाली तिथं. तू घरी आलीस, चूल पेटवलीस आणि म्हणालीस, “मी पायलं नाय, त मेली कशी म्हनू?”

त्याच हिवाळ्यातलं अजून डोळ्यांपुढं आहे: शेजारी मुलगी जन्मते, रडून रडून काळीनिळी होते. सुईण वाटीतल्या पाण्यात तांदळाचे दाणे सोडते, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेते; ज्या नावाला दोन दाणे एकमेकांना चिकटतील ते माणूस परत आलं म्हणायचं, तेच नाव बाळाला. मी तुझ्या मांडीला टेकून बसलेय. ती म्हातारी सुईण ताईच्या नावाचं पहिलं अक्षर उच्चारते तोच तू तिचं मनगट धरतेस. “ती शाळेत हाय,” म्हणतेस. बस. पाड्यात ते नाव पुन्हा कुणाला मिळालं नाही.

पुढच्या जूनला त्याच शाळेत मला घातलंस. इथं लोक कौतुक करतात, आई निरक्षर पण केवढी दूरदृष्टी, पोरीला डॉक्टरेटपर्यंत नेलं. मी मान डोलावते. फाटकापाशी माझ्या वेण्या घट्ट करताना तू काय म्हणालीस ते कुठं सांगते? “दिसली त घेऊन ये.” तुझा राग राग करायची मी त्या वाक्यावरून. दुसरी पोर पहिलीला शोधायला धाडलीस! आणि तरी सात वर्षं मी मुलींच्या प्रत्येक रांगेत तिला शोधलं. माझी लेक जन्मली तेव्हा मीही वाटीत दाणे सोडले, तुझंसुद्धा नाव घेतलं. तेवढं एक सोडून.

काल सगळ्यांची नावं घेऊन झाली. कुणी माझ्याकडे पाहतही नव्हतं, भली माणसं. मी उभी राहिले आणि ताईचं नाव घेतलं, पुरतं, बापाच्या नावासकट. सगळी उभी राहिली. लेकीनं माझी ओढणी ओढली, इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. “आई, हू इज दॅट? यू नेव्हर टेल मी बिफोर, लाह.”

“माझी बहीण. तुझी मावशी. ती वारली.”

वारली. हा शब्द तुझ्या घरात तिच्याबद्दल कुणी वापरला नव्हता, तो मी वापरला. तू रागावशील, रागाव. हे पत्र काही मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून एवढं सांगते. नाव घेतल्याबरोबर मी दाराकडे पाहिलं. हाक मारलीय, म्हणजे आता ती येईल, असं मला एक क्षण खरंच वाटलं.