शिलाईसाठी दोन इंच सोडून

तीर्थरूप ताई,

गुडघे वाकतील तेवढा साष्टांग नमस्कार, उरलेला मनातून. तुझी कंबर कशी आहे? भाच्याला, सूनबाईला आशीर्वाद. मी ठीक आहे, म्हणजे काट्यांनी ओरबाडलेला भाग सोडून.

घर माझ्या स्वाधीन करून गेलीस, आणि आता कामांची यादी पाठवून खाली लिहितेस की ही बागेची शेवटची मशागत, तू लेकाकडेच राहणार, फुलांचं बी तुला पाठवलं की गवंडी येऊन बागेच्या जागी फरशी घालेल. वाचून दोन दिवस कात्री हातात धरवेना. मग म्हटलं, चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, गुलाब काय चीज आहे! गळ्यात टेप अडकवून बागेत उतरलो. प्रत्येक झुडपाचं माप घेतलं, खडूने खुणा केल्या आणि (हाताची सवय जात नाही) शिलाईसाठी दोन-दोन इंच जास्त सोडून छाटलं. शेजारच्या नर्सबाई कुंपणावरून ओरडल्या, "अहो टेलरमास्तर, फांदी आहे ती, बाही नव्हे! कोंब फुटतो तो डोळा बघून कापा." डोळा शोधायला वाकलो आणि काट्याने सदरा पाठीवर टरकावला. (हस, हस.) शेवंतीला काठ्यांचा आधार दिला, तोही बटणांच्या अंतराने. सगळी बाग गणवेश घालून प्रार्थनेला उभी आहे असं वाटतं.

तेरड्याने मात्र घात केला. पिकलेली शेंग चिमटीत धरली आणि फट्कन फुटली. ताई, एकदम आपण दोघं दिसलो. तू दहाची, मी सहाचा. माझ्या मुठीत शेंग ठेवून तू म्हणायचीस, घट्ट धर, आत किडा आहे. ती फुटली की मी बोंब ठोकायचो. दर वर्षी तीच शेंग, तोच किडा. मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं गं. तू पोट धरून हसायचीस म्हणून ओरडायचो. परवा एकटाच शेंगा फोडत बसलो. फार आठवण आली तुझी. बी निम्मं मातीतच सांडलं, पाकिटात थोडंच आलंय.

तुझा,
धाकटा

ता. क. गवंडी माप घ्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. तुझी यादी संपल्यावर मी स्वतःच्या मनाने साठ कंद आणून लावलेत. ते फुलेपर्यंत फरशी घालता येणार नाही. रागाव हवं तर.

आणखी एक. कंद हे निमित्त आहे. एकट्याला जेवण जात नाही, ताई. घरी ये.