शिरोरेषेशिवाय धाव

१ तारीख, सकाळ
या महिन्यापासून दर महिन्याचा आढावा लिहायचा. आयुष्य, काम आणि सर्जनशील प्रेरणा. मोठे डिझायनर असंच करतात.
आयुष्य: तीस तारखेला प्रोबेशन संपतं. मी कायम होणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता पहिली पर्मनंट. आई आत्तापासूनच शेजारच्या काकूंना सांगते, आमची ऑफिसर आहे. मी तिचा गैरसमज दूर करत नाही. फार काळ तो गैरसमज राहणारही नाही.
काम: किळसवाणं.
प्रेरणा: शोधणे.

३ तारीख
ऑफिसात नजर टाकावी तिथे कुरूपता. सिंकमध्ये चहाचा चोथा, त्यात रुतलेला कोणाचा तरी चमचा. शेजारच्या टेबलावरचा डिझायनर दिसेल त्या अक्षराला सावली देतो. मी त्याचं नाव शॅडो ठेवलंय. आज त्याने फोन नंबरालाही सावली दिली. सर म्हणाले, वा, उठाव आला. मला उमासा आला.
संकल्प: शॅडोला सुधारणे.

५ तारीख
बूटवाले काका आले. खेळाच्या बुटांचं दुकान काढताहेत, नाव 'धाव'. लोगोत पंख असलेला बूट हवा, मागे ज्वाळा, आणि जरा चमक. शिसारी आली. पंख असतील तर बूट कशाला, असं मी विचारलं. काका हसले. सर हसले नाहीत, पण काम मलाच दिलं. म्हणाले, हे नीट कर, मग तुला कायम करायचं बघू.
म्हणजे झालंच.

८ तारीख
प्रेरणा आली! आंघोळ करताना.
देवनागरीत सगळ्यात ओंगळ काय असेल, तर शिरोरेषा. वाळत घातलेल्या कपड्यांसारखी अक्षरं बिचारी लोंबकळत असतात. धावणाऱ्याला दोरीला कशाला बांधायचं? ऑफिसात पोहोचताच रेषा उडवली. अक्षरं मोकळी झाली. माझे डोळे भरून आले.

१० तारीख
अजून साधेपणा हवा. 'ध'च्या डोक्यावरची ती छोटी गाठ काढली. तिचा काही उपयोग नाही, नुसता दागिना.
धाकटीला दाखवलं. ती म्हणाली, अगं ताई, कोणाला झाला घाव? अकरावीत गेली, पण 'ध' ओळखता येत नाही. शिक्षणव्यवस्थेचा वीट आला.

१३ तारीख
शॅडो मागून वाकला आणि म्हणाला, हा 'घ' वाटतोय गं. मी म्हटलं, वाटू दे. त्यावर म्हणतो, बारीकशी सावली देऊन बघू का?
उठून तोंड धुऊन आले. दोन माणसांनी तीच चूक करावी, हा योगायोग आहे.

१६ तारीख
प्रेझेंटेशन. लोगो, आणि खाली माझी ओळ: 'रोज एक धाव'. सर आणि काका दुकानाचं नाव आधीपासूनच जाणून असल्यामुळे दोघांनीही बिनचूक वाचलं. ज्याचं मन स्वच्छ त्याला स्वच्छ दिसतं. काका म्हणाले, चमक नाही, पण पोरगी शिकलेली आहे, असेल काहीतरी त्यात.
मंजूर! बाबांनी रस्ता कोणता ते विचारून घेतलं. मित्रांना नेऊन दाखवणार म्हणाले. मी कशाचं दुकान ते सांगितलं नाही. चांगल्या डिझाइनला सांगावं लागत नाही.

२४ तारीख
दुकान काल उघडलं. आज काकांचा फोन. सरांनी स्पीकरवर टाकला, मुद्दाम.
लोक आत येऊन विचारतात, मलमपट्टी करता का. एक बाई पोराचं फुटलेलं ढोपर घेऊन आली. समोरचा न्हावी कालपासून दारातून ओरडतो, काय काका, झाला का आजचा घाव? वर म्हणे, बूट चावणार हे आधीच सांगणारं पहिलंच दुकान.
समाज तयार नाही. मी तसं म्हणाले. सर म्हणाले, समाजाचं राहू दे, तू तयार हो. नवा बोर्ड व्हायला वेळ लागेल. तोवर ती रेषा जिथून काढलीस तिथे जाऊन चिकटव. काका गेले तर तूही गेलीस.

२६ तारीख
शिडी, काळ्या टेपचा रोल आणि मी. तत्त्वांना मुरड घालावी लागली, त्याची घृणा वाटतेच. पण करायचं तर अव्वल करायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग रेषा, कुठेही तुकडा नाही. खालच्या ओळीवरही तशीच. अख्ख्या रस्त्यावर इतकी सरळ शिरोरेषा कोणाची नसेल. न्हावी गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून बाहेर आला आणि टाळ्या वाजवू लागला.
सरांना फोटो पाठवला. उद्या कायम झाल्याचं पत्र.

२७ तारीख
पत्र नाही.
शॅडोने कागद घेऊन समजावलं. 'ध'च्या डोक्यावर रेषा अर्धी असते. पूर्ण दिली की तो 'घ'. काल सकाळपर्यंत लोकांना निदान शंका तरी होती, म्हणाला. आता खात्री आहे.
आणि हे सगळं तो हळू आवाजात, माझ्यासाठी चहा आणून बोलला. त्याचं चांगलं वागणं तर मला अजिबात सहन झालं नाही.

३० तारीख
काकांनी काम काढून घेतलं. सर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. ओरडले असते तर उलट बोलता आलं असतं. ओरडले नाहीत.
घरी अजून सांगितलेलं नाही. आई काकूंशी बोलत होती, तिला मध्येच कसं तोडायचं.
बाबा संध्याकाळी मित्रांना घेऊन बोर्ड बघून आले. काय खूश होते! अक्षर कसं ठसठशीत आहे म्हणाले, लांबूनही वाचता येतं, सगळ्यांनी एका दमात वाचलं. पाठीवर हात ठेवला. मग चप्पल काढता काढता विचारलं, पण दवाखाना कुठल्या डॉक्टरांचा आहे गं?
पायांच्या, मी म्हणाले.