लांब कुसळांचं गवत

ती. बाबा,

झाशीहून मृदुलेचा नमस्कार. तब्येत बरी आहे, डबा वेळेवर येतो. आईची पाठदुखी थांबली का?

मी मात्र वैतागलेय. बुंदेलखंडातून लांब कुसळांचं एक गवत नाहीसं झालं, असं प्रत्येक शोधनिबंधात लिहिलंय आणि सगळे एकाच जुन्या लेखाचा हवाला देतात. तो लेख शोधता शोधता पावसाळा गेला. शेवटी परवा एका ग्रंथालयातून त्याची प्रत आली. त्यात त्या गवताचं नावसुद्धा नाही.

माझे मार्गदर्शक सक्सेनाजी यांना दाखवलं, तर म्हणाले, "सब यही लिखते हैं, तुम भी लिख दो. वरना थीसिस अटक जाएगी."

मी नाही म्हटलं. त्यांनी फाइल परत सरकवली. खोलीवर येऊन रडले, पण हे आईला सांगू नका.

आज बसने झाशी जिल्ह्यातल्याच गरौठ्याला गेले होते. गावाबाहेरच्या माळावर ते गवत कमरेएवढं उभं आहे. गुरं चरत होती त्यात. परतताना सलवारीतली कुसळं काढत बसले.

आता सगळं पहिल्यापासून लिहायचं. दिवाळीला येणं जमणार नाही. आईला तुम्हीच समजवा.

तुमची,
मृदुला