अप्पांच्या यंत्रातला काळा ठिपका

२७ एप्रिल
गावी, मादन हिप्परग्याला जाऊन आले. अप्पांचं कानाचं यंत्र, ती खिशात ठेवायची जुनी डबी, छातीला चटके देतेय. सकाळी घातलेला सेल दुपारी खलास. तरी काढून देईनात. "गरम व्हायलाय, पण ऐकू येतंय की. कामून काढायलीस?" असली डबी आता कुठे मिळत नाही. डिजिटल घालून बघितलं, तर स्वतःचाच आवाज परक्याचा वाटतो म्हणे. "बुद्धपौर्णिमेच्या आत दुरुस्त करून आणते," मी म्हणाले नि डबी गुलबर्ग्याला घेऊन आले.

३० एप्रिल
कॉलेजची लॅब. बाकी सगळं तपासलं, दोष चिपच्या पोटातच. नेमका कुठे, ते बघायचं तर चिपचं झाकण ॲसिडने उतरवायचं आणि वर लिक्विड क्रिस्टलचा थेंब पसरायचा. जिथे तापतं तिथे सूक्ष्मदर्शकाखाली काळं दिसतं. आमचे सर म्हणाले, "ते दोष दाखवतं मॅडम, काढत नाही. उघडलेली चिप परत यंत्रात कशी घालणार?"
कळत होतं. पण क्रिस्टलची बाटली कधीची कपाटात पडून, आणि माझे हात शिवशिवत होते. चिप उघडली.

४ मे
फजिती. थेंब टाकला तर सगळी चिपच काळी! बराच वेळ डोकं खाजवलं. मग उजेड पडला. हे क्रिस्टल चाळीस अंशांच्या आसपास काळं पडतं, आणि लॅबचा कूलर बंद. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी गुलबर्ग्याची दुपार कुठे बघितलीय!

५ मे
सकाळी लवकर, थंडाव्यात. करंट सोडला, ठिपका आला. बंद केला, गेला. केसाच्या टोकाएवढा. एकटीच ओरडले आनंदाने. मग सोड-बंद, सोड-बंद, फोटोवर फोटो. शेवटी ठिपका पसरला आणि सगळं गार. चिप जळाली.
त्या सगळ्या वेळात अप्पांची आठवणसुद्धा झाली नाही. हेच जास्त लागतंय.

१२ मे, पौर्णिमा
गावच्या विहारात वंदना अप्पा सांगतात, लोक मागून म्हणतात. आज यंत्राशिवाय त्यांना मागचं काही ऐकू येईना. त्रिशरण म्हणताना लोक दुसऱ्या शरणावर, अप्पा तिसरं संपवून डोळे मिटून उभे. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी घाईघाईने त्यांना गाठलं. मला मान वर करवेना.

१३ मे
खरं सांगायचंच म्हणून कागदावर चिप काढली, ठिपका दाखवला. अप्पांनी चष्मा चढवला.
"एवढुसंच व्हय? सापडलं न्हवं?"
मी मान हलवली.
"मग बसव की आता. काल लई पुढं गेलो मी. लोकं सांभाळून घ्यायलीत, पर किती दिस?"
अप्पांनी चित्राची घडी करून डबीच्या रिकाम्या खिशात ठेवली. पेन माझ्या हातात होतं, 'चिप जळाली' एवढं लिहायला दुसरा कागदही होता. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला, तो मला एकटीलाच ऐकू आला.