दिवाकररावांचा पहिला नंबर

॥ श्री ॥

गोरेगाव, मुंबई
५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. शोभाताईस,
धाकट्या कृष्णकांतचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू रुसली आहेस, हे न सांगता कळतं. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर दोन वाक्यांत भाऊजींच्या हाती देतेस. म्हणून बाबांचीच रीत बरी वाटली. महत्त्वाचं असेल ते कागदावर. माझं अक्षर लागत नसेल तर खुशीकडून वाचून घे.

बातमी अशी की एका म्युझिक चॅनेलनं लोकांची मतं मागवून नव्वदच्या दशकातली दहा सर्वोत्तम मराठी पॉप गाणी निवडली. पहिल्या नंबरावर कोण? आपले 'दिवाकरराव'! दुसऱ्यावर ते स्कूटरवालीचं गाणं आहे, तिसऱ्यावर त्या दाढीवाल्याचं, ज्यात शब्दच नव्हते, नुसतं हाय हाय होतं. आठवतं ना, तेव्हा प्रत्येक गाण्यात एक उंट, एक गॉगल आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी लागायची. आताची पोरं म्हणतात त्या काळातली गाणी साधी होती. साधी कसली! घासून घासून साधी करायचो आम्ही ती.

पण खरं सांगायचं तर गाणं चाललं ते सुरुवातीच्या तुझ्या आवाजावर. दिवाकरशी तुझं साक्षगंध झालं होतं, तू माजघरात उखाणा पाठ करत होतीस आणि मी गुपचूप टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं होतं. 'रामदासपेठेच्या रस्त्याला झाडांचा थाट, दिवाकररावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.' आणि मग तू हसलीस. ते हसू मला कुठल्या स्टुडिओत मिळालं असतं? दिवाकर पुढे ठरलेलं लग्न मोडून मोकळा झाला, तो त्याचा करंटेपणा. उखाणा तरी वाया गेला नाही.

तर २१ डिसेंबरला, रविवारी, नागपुरात मोठा कार्यक्रम आहे. त्यात तू स्टेजवर येऊन तो उखाणा म्हणायचास. निवेदिका विचारेल की हा आवाज कोणाचा, आणि सगळा उजेड तुझ्यावर. नाही म्हणू नकोस. भाऊजींना नमस्कार, खुशीला पापा. थोरलेपणाची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
कृष्णकांत


॥ श्री ॥

इतवारी, नागपूर
१३ नोव्हेंबर २०२५

चि. कृष्णकांत यास,
शोभाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पोस्टमन आला तेव्हा हे दुकानात होते, बरं झालं. अक्षर मला लागलं. खुशीकडून वाचून घेण्यासारखं ते पत्र नव्हतं, हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. पोरीनं मामाच्या गाण्याला मत दिलं, सगळ्या मैत्रिणींकडून देववलं. सुरुवातीला जी मुलगी हसते ती आपली आई आहे, हे तिला माहीत नाही.

नव्वदीतली गाणी चांगलीच होती रे. मीसुद्धा गुणगुणायची. दुसऱ्यांच्या बहिणींवर होती म्हणून गुणगुणता यायची. नाव बदलशील असं तू आईला सांगून गेला होतास. मग म्हणालास, चालीत तेच नाव बसतं.

माझ्या लग्नाला तू आला नाहीस. तुझं रेकॉर्डिंग होतं. म्हणून काय झालं ते तुला आजवर ठाऊक नाही. त्या साली बँडवाले दुसरं काही वाजवतच नव्हते. वरात इतवारीतून निघाली, हे घोड्यावर, आणि पुढे पोरं 'दिवाकरराव, सोडा माझी वाट' वर नाचत होती. यांना तेव्हा काही माहीत नव्हतं. हेही मान डोलवत होते. घरी आल्यावर माझ्या नणंदेनं, यमुताईंनी, दार अडवलं आणि म्हणाल्या, नाव घ्या वहिनी, त्याशिवाय आत नाही येऊ देत. मी तोंड उघडणार तेवढ्यात आपली मावशी हसत म्हणाली की इचा उखाणा तर सारा महाराष्ट्र गाऊन राहिला. मग काय, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. कोणी हसलं, कोणी खाली बघितलं. हे एवढंच म्हणाले की तिले आत येऊ द्या, दमली आहे ते. यमुताई भली बाई. त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं. पण दुकानासमोर कॅसेटवाला होता आणि त्याच्या तोंडाला कोण कुलूप घालणार? हे दिवसभर भांडी तोलत आणि समोरून दिवाकरराव ऐकत. घरी येऊन एका शब्दानं कधी बोलले नाहीत.

त्या दिवसापासून चारचौघांत मला कोणी नाव घ्यायला सांगत नाही आणि मी घेत नाही. आता एक सांगते, ते तुझ्यापाशीच राहू दे. पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका गेल्या आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काही मागितलं नाही. मीच म्हटलं: 'पितळेच्या पातेल्याला कल्हई लागते नवी, दिवस कसाही जावो, संध्याकाळी गणपतरावांची चाहूल हवी.' हे लाजले रे. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला. तेव्हापासून दर संक्रांतीला बायका गेल्या की हे दारात येतात आणि मी तेच म्हणते. यमुताईंनाही ते ठाऊक नाही. आमच्या संसारात तुझ्या गाण्याला जिथे शिरता आलं नाही अशी तेवढीच जागा आहे. मी काय मागते आहे ते तुला नीट कळावं म्हणून लिहिलं.

मागणं इतकंच. गाणं तुझं आहे, जगभर वाजव. पण नागपुरात, यांच्या गावात, ते नाव स्टेजवरून नको, आणि आवाज कोणाचा हेही नको. मी येणार नाही. जेवत वेळेवर जा, मागच्या फोटोत गाल बसलेले दिसले.

तुझी,
शोभाताई


॥ श्री ॥

मुंबई
२४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. शोभाताईस,
कृष्णकांतचा कान धरून सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस पेटीला हात लावला नाही. वरातीचं मला खरंच ठाऊक नव्हतं गं. कोणी सांगितलंच नाही. तूही नाही. मला मेल्याला वाटत राहिलं की तू दिवाकरवर रागावली आहेस.

आता ऐक. त्या स्टेजवरून दिवाकररावांचं नाव निघणार नाही. शब्द देतो. तुझा तो जुना आवाजही काढून टाकला आहे, त्यामुळे कोणाचा म्हणून विचारण्याचा प्रश्नच नाही. चॅनेलवाल्यांनी जरा कुरकुर केली, पण मी पटवलं. चाल माझी आहे, मी तिच्यात काहीही बसवीन.

तेव्हा आता भाऊजींना घेऊन ये. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवतो, खुशीसाठी तिसरी. इतक्या वर्षांत त्यांनी माझं एकही गाणं समोर बसून ऐकलेलं नाही, आणि का, ते मला आत्ता कळलं. त्यांच्या मनातली अढी माझ्या हातानं निघावी असं वाटतं. या वेळी तुम्हा दोघांना आवडेल असं केलं आहे. अधिक इथे लिहीत नाही.

आजवर सांभाळून घेतलंस, आणखी एकदा घे.

तुझा,
कृष्णकांत


॥ श्री ॥

इतवारी, नागपूर
३ डिसेंबर २०२५

चि. कृष्णकांत यास,
शोभाताईचे पोटभर आशीर्वाद.

शब्द दिलास, जीव भांड्यात पडला. उशिरा का होईना, शहाणा झालास. यांना मी सांगितलं की कृष्णकांतनं ते नाव गाण्यातून काढलं. हे हिशेब करत होते, मान वर केली नाही. मला वाटलं ऐकलंच नाही. मग जेवताना आपणहून म्हणाले, जाऊ ना आपण, काहून नाही जाऊ? दुसऱ्या दिवशी लग्नातला कोट कपाटातून काढून उन्हात टाकला. तो आता पुढून मिटत नाही, पण मी बटणं सरकवून देते आहे. खुशी तर नाचतेच आहे.

कार्यक्रमानंतर हॉटेलात जेवायचं नाव काढू नकोस. पाटवडीचा रस्सा करते, तुझ्या आवडीचा, नाकातून पाणी येईल असा. थंडी कडक आहे. मुंबईच्या माणसानं मफलर आणावा. लहानपणी मीच गुंडाळून द्यायची, आता स्वतःच गुंडाळ.

आधी लिहिलं ते कडू लिहिलं असेल तर मनात ठेवू नकोस. पाठीला पाठ लावून आलेलं एकच माणूस आहेस मला.

तुझी,
शोभाताई


॥ श्री ॥

मुंबई
२७ डिसेंबर २०२५

ती. सौ. शोभाताईस,
कृष्णकांतचा सा. न. वि. वि.

तुम्ही गाणं संपायच्या आत उठलात. मला स्टेजवरून दिसलं. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर खुशी म्हणाली की आई देवळात आणि बाबा दुकानात. दुकानात गेलो तर भाऊजींनी चहा पाजला, एक डबा बांधून दिला आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं. पाटवडी राहिलीच.

ताई, माझं चुकलं तरी काय? दिलेला शब्द मी पाळला. दिवाकररावांना घोड्यावरून खाली उतरवून तिथे भाऊजींना बसवलं! जिथे दुसऱ्याचं नाव होतं तिथे तुझ्या नवऱ्याचं नाव घातलं आणि तेही तुझ्याच शब्दांत. 'संध्याकाळी गणपतरावांची चाहूल हवी' या ओळीवर सभागृह उभं राहिलं, म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या, हे तू बघायला थांबली नाहीस. तुझं नाव मी घेतलं नाही. एवढंच म्हणालो की इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराची बायको दर संक्रांतीला, बायका गेल्यावर, स्वयंपाकघरात नवऱ्यासाठी हा उखाणा म्हणते. यात लपवण्यासारखं काय आहे? किती गोड आहे ते! असं प्रेम आता कुठे बघायला मिळतं?

चॅनेलनं त्याचा व्हिडिओ टाकला आहे. 'कल्हई लागते नवी' वर पोरं नाचताहेत. लोक म्हणतात हे जुन्यापेक्षा सरस झालं. मला वाटलं होतं की तू फोन करून रडशील, आनंदानं. दोन ओळी तरी लिही. लोभ आटला नसेल असं धरून चालतो.

तुझा,
कृष्णकांत


इतवारी, नागपूर
१६ जानेवारी २०२६

कृष्णकांत यास,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं, पण लिहवत नाही. खोटं कशाला लिहू?

तुझं चुकलं काय ते विचारतोस. मी पुन्हा एकदा बोलताना तुझ्यासमोर दार लावून घेतलं नाही, हे माझं चुकलं. तू बटण दाबून बसलेला असतोस हे मला ठाऊक असायला हवं होतं. तेव्हा तू पोरगा होतास, तेव्हाचं मी तुला कधीच माफ केलं होतं. आता तुझे केस पिकलेत.

 त्या दिवशी घरी येऊन यांनी कोट खुंटीला लावला आणि विचारलं, त्याले हे कोणं सांगितलं? मी म्हटलं, मी. बरं, म्हणाले. एवढंच. त्यांनी भांडावं म्हणून मी दोन दिवस वाट बघितली. भांडले नाहीत.

इतवारीत भांड्यांची दुकानं पुष्कळ आहेत, पण गणपतराव नावाचा दुकानदार एकच आहे. कॉलेजची पोरं मोबाइल पुढे धरून येतात आणि विचारतात, काकाजी, कल्हई करून देता का? हेही हसतात त्यांच्यासोबत. पोरांना ताट-वाटी दाखवतात. कोणावर चिडत नाहीत, तेच मला बघवत नाही. दिवाकररावांच्या गाण्याचं त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण ते दुसऱ्याचं होतं. हे त्यांचं होतं.

परवा संक्रांत झाली. बायका आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नाव घ्यायला सांगितलं. मी घेईपर्यंतही थांबल्या नाहीत, टाळ्या वाजवून त्यांनीच म्हटलं, तुझ्या चालीत. खुशी सगळ्यात मोठ्यानं. तिला वाटतं आईचं कौतुक होतं आहे. टाळी वाजवली नाही ती एकट्या यमुताईंनी. मी वाण वाटलं, तिळगूळ दिला, गोड गोड बोलले.

बायका गेल्या आणि हे दारात येऊन उभे राहिले. येतील असं मला वाटलं नव्हतं. नवीन काही म्हणावं म्हणून मी आठवडाभर मनात जुळवत होते, पण काही म्हणायला गेलं की त्याला तुझी चाल लागते. शेवटी म्हटलं, आपलं जुनंच म्हणावं. तोंड उघडलं. हे म्हणाले, राहू दे वं, ऐकलं मी ते मोबाइलवर. आणि पाण्याचा तांब्या भरून बाहेर जाऊन बसले.

तुझ्या चॅनेलला पुढच्या दशकासाठी गाणी लागतील. या पत्रात काही चालीत बसण्यासारखं असेल तर घेऊन टाक. आता तुझ्यापासून लपवायला माझ्याकडे काही उरलं नाही.

शोभा